सोर्स उघडला की माणसं येतात का? नेटस्केपचं नक्की काय झालं होतं

प्रश्न मोठा आहे म्हणून आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, चुकलं तर सांगा. सांगली भागात तुमची ७ जणांची कंपनी आहे, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करता, १६ वर्षं जुनं आहे, साडेतीनशेच्या आसपास केंद्रांवर चालू आहे. आता फॅट मशीन विकणारेच मशीनबरोबर सॉफ्टवेअर फुकट द्यायला लागलेत त्यामुळे तुमची नवीन विक्री थंडावलीये. एक पार्टनर म्हणतात सगळा सोर्स (प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ कोड) ओपन करून टाकू, म्हणजे कोणालाही बघता-बदलता येईल असा, ब्राउझरवाल्या नेटस्केप कंपनीने केला म्हणून तर फायरफॉक्स हा ब्राउझर आला. दुसरे म्हणतात नेटस्केपने सोर्स उघडला आणि वर्षाच्या आत कंपनी विकली गेली, तेच करायचंय का आपल्याला. आणि तुम्ही दोघांच्या मधे सापडलाय.

खरं दोघंही बोलतायत. पण दोघांना एकेक बातमी आठवतेय, आणि त्या बातम्यांच्या मधली जी वर्षं गेली ती कोणालाच आठवत नाहीत कारण त्या वर्षांत छापण्यासारखं काही घडत नव्हतं. मी तेव्हा पुण्यात एका छोट्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायचो, पुढे वीसेक वर्षं ओपन सोर्सच्याच आजूबाजूला पोट भरलं, त्यात एक प्रोजेक्ट स्वतः उघडून बघितला आणि तो चांगलाच आपटला, त्याचंही येईल पुढे. तुमच्या कंपनीने काय करावं हे मात्र अशा दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे ज्या तुम्ही लिहिलेल्याच नाहीत, त्यामुळे सरळ हो किंवा नाही मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आधी नेटस्केपचा क्रम नीट लावू. १९९४ च्या शेवटी त्यांचा नेव्हिगेटर हा ब्राउझर आला. ९ ऑगस्ट १९९५ ला कंपनी शेअर बाजारात उतरली, २८ डॉलरला दिलेला शेअर त्याच दिवशी ५८ च्या वर बंद झाला. सहाच दिवसांनी म्हणजे १५ ऑगस्टला आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट चालू केलं, त्यामुळे माझ्या वयाच्या लोकांसाठी इंटरनेट म्हणजे कोपऱ्यातला तो मोठा एन आणि त्याच्यावरून पडणारे तारे, तारे पडायचे थांबले की समजायचं लाइन गेली. मग मायक्रोसॉफ्टने स्वतःचा ब्राउझर एक्सप्लोरर फुकट दिला आणि पुढे विंडोजबरोबरच द्यायला लागले. इथपर्यंतची गोष्ट तुमचीच आहे बघा, मशीनबरोबर सॉफ्टवेअर फुकट. १९९७ च्या शेवटच्या तिमाहीत नेटस्केपला ८ कोटी डॉलरच्या वर तोटा झाला, माणसं कमी करायला घेतली, आणि २२ जानेवारी १९९८ ला जाहीर केलं की ब्राउझर यापुढे फुकट आणि पुढच्या कम्युनिकेटर ५ चा (ब्राउझर, ईमेल वगैरेचा त्यांचा संच) सोर्ससुद्धा देणार.

म्हणजे दुसऱ्या पार्टनरनी कारण आणि परिणाम उलटे धरलेत. सोर्स उघडल्यामुळे कंपनी आजारी पडली असं नाहीये, आजारी पडल्यावर हे औषध घेतलं. आणि औषध घेताना ते स्वतःची रोजची भाकरी लोकांना वाटून टाकत नव्हते, हे फार कमी लोक सांगतात. त्यांचा पैसा तोपर्यंत ब्राउझरवरून सरकला होता, कंपन्यांना विकायचे सर्व्हर (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि त्यांची स्वतःची नेटसेंटर नावाची वेबसाइट यावर भिस्त होती. ब्राउझर जगात पसरलेला राहिला तर सर्व्हर विकले जातील असा हिशोब होता. सर्व्हरचा सोर्स त्यांनी नाही उघडला. हे लक्षात ठेवा, तुमच्याकडे आल्यावर हाच पहिला प्रश्न विचारणार आहे.

आता त्या काळात बातमी कशी यायची हेही सांगायला पाहिजे, कारण तुमच्या पहिल्या पार्टनरचा उत्साह तिथून आलाय. आमच्या ऑफिसात एका मशीनला मोडेम, नशीब चांगलं असेल तर सेकंदाला ४ किलोबाइट, म्हणजे २० एमबीची फाइल उतरवायला जवळपास दीड तास, तेही मधे लाइन तुटली नाही तर. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर लिनक्सची (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) सीडी यायची ती आम्ही पाच जण फिरवून वापरायचो. स्लॅशडॉट ही बातम्यांची साइट १९९७ मध्ये सुरू झाली होती, लिनक्स वीकली न्यूज १९९८ च्या जानेवारीत, त्यांची पानं मी फ्लॉपीवर सेव्ह करून घरी न्यायचो आणि रात्री वाचायचो. ते वाचून असं वाटायचं की जग पुढच्या मंगळवारी बदलणार आहे. ओपन सोर्स हा शब्दसुद्धा याच बातमीच्या पोटातून आला, नेटस्केपच्या घोषणेनंतर दोन आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी १९९८ ला कॅलिफोर्नियात पालो आल्टोला काही मंडळी बसली होती, हा क्षण कसा वापरायचा यावर, तिथे ख्रिस्टीन पीटरसन यांनी हा शब्द सुचवला. आधी फ्री सॉफ्टवेअर म्हणायचे आणि इंग्रजीत फ्री म्हणजे फुकट की मोकळं याचा घोळ व्हायचा. आपल्याकडे फुकट आणि मुक्त हे वेगवेगळे शब्द आहेत तरी आपणही तोच घोळ घालतो, तुमच्या प्रश्नातही थोडा आहे, पण ते जाऊ दे.

बातम्यांत जानेवारीची घोषणा आली, मग ३१ मार्चला कोड आला ही आली. मधले दोन महिने काय चाललं होतं ते खरं तुमच्या कामाचं आहे. कम्युनिकेटरमध्ये दुसऱ्या कंपन्यांकडून घेतलेली ७५ च्या वर मॉड्यूल्स होती. प्रत्येकाला विचारायचं, तुमचा भाग उघडू देता का, नाही म्हणाले तर तो भाग कापायचा आणि उरलेलं तरी कंपाइल होतंय का, म्हणजे कोडातून चालणारा प्रोग्राम बनतोय का, बघायचं. एन्क्रिप्शनचा (मजकूर गुप्त करून पाठवायचा) कोड तर काढावाच लागला कारण तेव्हा अमेरिकेत तो देशाबाहेर पाठवण्यावर सरकारी निर्बंध होते आणि नेटवर टाकणं म्हणजे बाहेर पाठवणंच. (कोड आल्यावर काही तासांत ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी स्वतःचं एन्क्रिप्शन जोडून दाखवलं, तिथे अमेरिकेचा तो कायदा लागू नव्हता. तेव्हा ती बातमी वाचून आम्ही ऑफिसात चहा पाजला होता एकमेकांना.) शिवाय कॉमेंट्स (कोडच्या मधे माणसांसाठी लिहिलेल्या टिपा) धुवायच्या, कारण रात्री तीन वाजता वैतागलेला प्रोग्रामर कोडमध्ये काय काय लिहितो ते तुम्हाला माहितीये. आणि लायसन्स, म्हणजे कोड कोणी कसा वापरायचा याच्या अटी. त्यांनी स्वतःचं नवीन लायसन्स लिहिलं, मार्चमध्ये लोकांना वाचायला दिलं, लोकांनी आरडाओरडा केला की यात नेटस्केपला खास हक्क का, तुम्ही आमचा कोड तुमच्या बंद मालात वापरणार आणि आम्ही नाही, मग ते हक्क नसलेलं दुसरं लायसन्स, एमपीएल, जोडीला आणलं. हजारो लोकांच्या कंपनीला, वकील हाताशी असताना, इतकं सगळं दोन महिन्यांत कसंबसं झालं.

३१ मार्चची रात्र मला आठवते कारण आपल्याकडे ती इयर एंडिंगची रात्र, मी एका क्लायंटकडे त्यांच्या टॅलीच्या शेजारी बसून बॅकअप घेत होतो आणि माझं लक्ष सगळं तिकडे. पुढच्या आठवड्यात सोर्स उतरवला, दोन रात्री लागल्या. आणि लिनक्सवर कंपाइल होईना. कारण युनिक्सवरचा (लिनक्स त्याच कुळातलं) नेटस्केप मोटिफ नावाच्या विकतच्या लायब्ररीवर बसला होता, ती आमच्याकडे कुठून असणार. कोड मोकळा पण तो बांधायला लागणारं हत्यार दुकानातच! मी तीन-चार दिवस झटापट केली आणि सोडून दिलं. माझ्यासारखे किती असतील विचार करा, हौस होती, वेळ होता, आणि पहिल्याच दारावर कुलूप.

कुलूप उघडलेल्यांनासुद्धा आत काय मिळालं तर कोडचा भलामोठा ढीग, ज्यातून रोज वापरता येईल असा पूर्ण ब्राउझर बाहेर पडत नव्हता. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, मोझिला, म्हणजे या उघड्या कोडवरचा प्रोजेक्ट, ज्यांनी सुरू केला त्यातला एक मुख्य माणूस, जेमी झाविन्स्की, याने बरोबर वर्षाने राजीनामा देताना हेच लिहिलं. नेटस्केपचे शंभरेक पूर्ण वेळ प्रोग्रामर आणि बाहेरचे फावल्या वेळात काम करणारे तीसेक, मग हा प्रोजेक्ट लोकांचा कसा म्हणायचा, असा त्याचा मुद्दा. बाहेरचा माणूस कधी टिकतो? रविवारी दुपारी छोटीशी दुरुस्ती केली आणि संध्याकाळी स्वतःच्या मशीनवर तिचा फरक दिसला तर. तिथे फरक दिसायला महिने लागत होते. मरायला टेकलेल्या कामावर ओपन सोर्सचा अंगारा लावून ते उठून बसत नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं होतं (अंगारा माझा, त्याने पऱ्यांच्या जादूची भुकटी म्हटलं होतं).

त्यात भर म्हणजे ऑक्टोबर १९९८ मध्ये ठरलं की जुन्या इंजिनावर (वेबपान स्क्रीनवर काढणारा ब्राउझरचा गाभा) वेळ घालवायचा नाही, गेको नावाच्या नवीन इंजिनावर जवळजवळ सगळं परत बांधायचं. यावर आजही भांडणं होतात. माझं मत दोन्हीकडचं आहे, जुना कोड खरोखर वाईट होता आणि तरीही बाजारात मोठा नवीन माल नसलेली दोन वर्षं कोणत्याही कंपनीला जड जातात. कम्युनिकेटर ५ शेवटपर्यंत आलाच नाही. नोव्हेंबर २००० मध्ये एकदम नेटस्केप ६ आला तो इतका कच्चा होता की आम्ही क्लायंटच्या मशीनवरून काढून परत ४.७ टाकला. क्लायंट म्हणाला नवीन चांगलं नाही का, काय सांगणार.

मधे नोव्हेंबर १९९८ मध्ये एओएल या मोठ्या अमेरिकन इंटरनेट कंपनीने नेटस्केप ४२० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घ्यायचं जाहीर केलं. दुसऱ्या पार्टनरची बातमी ती हीच. आता गंमत अशी की जी बातमी ते बुडाल्याचा पुरावा म्हणून सांगतात तिच्यामुळेच पहिल्या पार्टनरचा फायरफॉक्स जगला. मार्च १९९८ ते जुलै २००३, सव्वापाच वर्षं, मोझिलावर काम करणाऱ्या बहुतेक लोकांचा पगार आधी नेटस्केपने आणि मग एओएलने दिला. मोझिला १.० यायलाच जून २००२ उजाडला. जुलै २००३ मध्ये एओएलने हात काढला तेव्हा जाताना नव्या मोझिला फाउंडेशनला २० लाख डॉलर देऊन गेले. त्याच मोझिलाच्या कोडातून फायरफॉक्स १.० आला ९ नोव्हेंबर २००४ ला. कोड उघडल्यापासून साडेसहा वर्षं. पुढचं सगळ्यांना माहितीये.

तर नेटस्केपने उघडला म्हणून फायरफॉक्स आला हे वाक्य बरोबर आहे पण त्यातून सव्वापाच वर्षांचा पगार गाळलाय. तुमच्या ७ जणांचा कोण देणार? माझ्या मते पार्टनरांच्या पुढच्या मीटिंगला हा एकच प्रश्न घेऊन बसलात तरी अर्धं भांडण मिटेल.

पैसेवाला मालक नसताना चाललेली उदाहरणं पण आहेत, नाहीत असं नाही, आणि ती बघितली की काय पाहिजे ते कळतं. अपाची वेब सर्व्हर घ्या. एनसीएसए या सरकारी पैशावर चालणाऱ्या अमेरिकन संस्थेत रॉब मॅकूल नावाच्या मुलाने सर्व्हर लिहिला, १९९४ मध्ये तो निघून गेला (गेला कुठे, तर नेटस्केपमध्येच), आणि सर्व्हर वाऱ्यावर. पण तो जगभर चालू होता, रोज चालवणारे वेबमास्तर स्वतःपुरत्या दुरुस्त्या करत होतेच, त्यातल्या आठेक जणांनी १९९५ च्या सुरुवातीला आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या. एप्रिलमध्ये पहिली आवृत्ती काढली आणि वर्षभरात वेबसाइट्स मोजणाऱ्या नेटक्राफ्टच्या मोजणीत सगळ्यात जास्त साइट्स अपाचीवर होत्या, नेटस्केपच्या विकतच्या सर्व्हरच्याही पुढे. इथे माणसं आणायला नाही लागली. सर्व्हर पडला की त्यांचीच झोप मोडत होती, आणि ज्याची झोप मोडत होती त्यालाच सी (ज्या भाषेत तो सर्व्हर लिहिला होता ती) येत होतं. एवढं जुळून येणं दुर्मिळ असतं हो.

ब्लेंडर हे दुसरं. थ्रीडीचं सॉफ्टवेअर, हॉलंडची कंपनी, २००२ मध्ये गुंतवणूकदारांनी शटर ओढलं. टॉन रोसेंडाल यांनी त्यांच्याशी ठरवलं की १ लाख युरो द्या आणि सोर्स घ्या, आणि वापरणाऱ्यांकडून वर्गणी मागितली. सात आठवड्यांत जमले! १३ ऑक्टोबर २००२ ला जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली सोर्स आला. आज सिनेमावाले वापरतात. पण तिथेही बघा, वर्गणी देणारे आधीच होते, ब्लेंडर फुकट उतरवून वापरणारी, त्याच्यावर जीव असलेली पोरं. कंपनी मेली तरी वापरणारे जिवंत होते आणि त्यांना कॉम्प्युटरचं कळत होतं.

आपल्या मराठीचाही एक अनुभव यात सांगण्यासारखा आहे. सुरुवातीच्या फायरफॉक्समध्ये लिनक्सवर देवनागरी वाचायची म्हणजे शिक्षा होती, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला, जोडाक्षरं फुटलेली. विंडोजवर बरं दिसायचं पण पानावर दोन्ही कडा जुळवलेला मजकूर असला की तिथेही अक्षरं फुटायची. फायरफॉक्स ३, म्हणजे जून २००८, तोपर्यंत हे दुखणं कमी-जास्त प्रमाणात चालूच होतं. आता बंद सॉफ्टवेअर असतं तर आपण काय केलं असतं, काहीच नाही, कोणाला सांगणार. इथे बगझिला या तक्रारी नोंदवायच्या साइटवर बग (चूक) टाकता येत होता, स्क्रीनशॉट जोडून समजावता येत होतं की बाबा ही वेलांटी डावीकडे पाहिजे, आणि लिनक्सवाले देवनागरी नीट दाखवणारी पँगो लायब्ररी जोडून स्वतःच ब्राउझर बांधून घेत होते. पण वर्षं किती लागली बघा. उघडा सोर्स म्हणजे दुरुस्तीची शक्यता, दुरुस्तीची तारीख कोणी देत नाही. आणि बगझिलाचं नाव निघालंच आहे तर, ते स्वतः १९९८ मध्ये मोझिलाच्या कामासाठी केलेलं अवजार, पुढे कितीतरी प्रोजेक्टांनी घेतलं. त्या मधल्या वर्षांत जे काही शहाणपणाचं झालं त्यातलं बरंचसं असं होतं, तक्रारी कुठे लिहायच्या, कोणाचा बदल कोण तपासणार, रोज रात्री सगळा कोड जोडून प्रोग्राम तयार होतो की नाही. बातमी कोण करणार याची?

आता माझा आपटलेला प्रोजेक्ट. २००५ च्या सुमाराला मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही एक रिपोर्ट छापायचं टूल केलं होतं, बिलं, पावत्या, डॉट मॅट्रिक्सवर नीट बसतील अशी. विक्री नव्हती म्हणून उघडू म्हटलं. साफसफाईला पंधरा दिवस धरले होते, अडीच महिने गेले, कारण आलेख काढायची एक लायब्ररी कोणीतरी कधीतरी ट्रायलवर आणून तशीच घुसडली होती आणि ती काढल्यावर चार रिपोर्ट मेले. शिवाय दोन क्लायंटचे डेटाबेसचे पासवर्ड कोडमध्ये. टाकल्यावर पहिल्या महिन्यात सत्तरेक मेल आले, त्यातले बहुतेक सेटअप चालत नाही फोन करा असे. ओपन सोर्स म्हटल्यावर फुकट सपोर्ट असा अर्थ लोकांनी घेतला. मग इंदूरहून एकाने रक्कम अक्षरी हिंदीत छापायचा कोड पाठवला, चांगला होता, त्याने आमचा एक बगही पकडला होता. आमचे साहेब सुट्टीवर, परवानगी कोणी द्यायची यावर पाच आठवडे गेले. आम्ही घेतला तोपर्यंत तो माणूस गेलेला, दोन मेल टाकले, उत्तर नाही. दुसरा कोणी आलाच नाही. ते पाच आठवडे मला आजही बोचतात, अडीच महिन्यांच्या मेहनतीत एक माणूस मिळाला होता आणि तो आम्ही पायरीवर उभा ठेवून घालवला.

तर तुमचं. मघाशी म्हटलं तो पहिला प्रश्न: तुमची भाकरी कशावर आहे? तुम्ही विक्री थंडावलीये लिहिलंय पण ३५० केंद्रांची एएमसी (वर्षाची देखभाल फी), एसएमएसचे पैसे, दूध संघाच्या हिशोबाला डेटा जोडून द्यायचे पैसे, हे येतात का? येत असतील आणि घर त्यावर चालत असेल तर लायसन्सची विक्री गेली तरी आभाळ कोसळलेलं नाही, आणि उघडायला हरकत कमी होते. नव्या विक्रीवरच जगत असाल तर सोर्स उघडून पैसे येणार नाहीत, हे नक्की.

दुसरा प्रश्न, येणार कोण? तुमचं सॉफ्टवेअर वापरतो संस्थेचा सचिव. पहाटे साडेपाचला रांग लागलेली, त्याला फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), दरपत्रक आणि दहा दिवसांनी उचल आणि पशुखाद्याची कपात वजा करून बिल पाहिजे. तो कोड लिहिणार नाही आणि त्याने लिहावा अशी अपेक्षाही चूक. अपाचीसारखी झोप मोडणारा आणि कोड येणारा माणूस तुमच्या धंद्यात कोण, याच्यावर मी जरा विचार केला. मला वाटतं तो म्हणजे तालुक्याच्या गावातला मशीन दुरुस्ती करणारा आणि तुमच्यासारख्याच दुसऱ्या छोट्या कंपन्यांमधला प्रोग्रामर. त्या दोघांचं समान दुखणं एकच, वजनकाटा आणि फॅट मशीन सिरियल पोर्टवरून (मशीन जोडायची जुनी केबल-जागा) कॉम्प्युटरशी बोलतं करणं. प्रत्येक मशीन वेगळ्या पद्धतीने आकडे पाठवतं, एखादं एकच ओळ टाकतं, एखादं मधे काहीतरी कचरा घालतं, नवीन मॉडेल आलं की सगळं परत. हे काम तुमच्या जिल्ह्यात दहा जण दहा वेळा वेगवेगळं करत असणार. तुम्ही १६ वर्षांत किती मशीनं जोडली असतील? तो तुमच्याकडचा खरा ऐवज आहे आणि त्याच्यावर तुमची विक्री अशी काही नाही, कोणी ड्रायव्हर (मशीनशी बोलणारा कोड) बघून सॉफ्टवेअर घेत नाही.

म्हणून माझा कल असा की सगळं सॉफ्टवेअर उघडू नका, निदान आत्ता. मशीनशी बोलणारा तेवढा भाग वेगळा काढा, छोटा करा, एकटा चालेल असा करा, म्हणजे मशीन जोडलं, प्रोग्राम चालवला, स्क्रीनवर फॅट दिसला. कऱ्हाडच्या पोराने रविवारी नवीन मॉडेल जोडलं तर त्याला रविवारीच दिसलं पाहिजे. लायसन्स स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका, एमआयटी किंवा अपाची या तयार लायसन्सांपैकी एक उचला, नेटस्केपकडे वकील होते तरी त्यांना दोन करावी लागली. आणि बदल आला तर तो कोण बघणार त्या माणसाचं नाव आधी ठरवा, तो सुट्टीवर गेला तर कोण तेही ठरवा.

मशीनवाले तुमचा ड्रायव्हर उचलून स्वतःच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतील का? टाकतील. त्यांच्या स्वतःच्या मशीनसाठी त्यांना तसंही लागत नाही, दुसऱ्याच्या मशीनसाठी लागेल आणि ते जोडून द्यायची त्यांना फारशी इच्छा नसते. एका केंद्रावर काटा एकाचा आणि फॅट मशीन दुसऱ्याचं असं जिथे असेल तिथे तुम्हालाच बोलावतील. अर्थात हा अंदाज आहे, तुमच्या भागात एकाच कंपनीचा पूर्ण सेट सगळीकडे असेल तर माझा हा मुद्दा पडला, मग परत बोलू.

हिशोबाचा, बिलाचा भाग उघडायचाच असा पार्टनरचा हट्ट असेल तर घाई करू नका, आधी यादी करा. रिपोर्ट कशाने छापता, त्याचं लायसन्स कोणाचं? बिलावरचा मराठी फॉन्ट विकतचा आहे का, युनिकोडच्या आधीचा आहे का? नेटस्केपची ७५ मॉड्यूल्स ऐकून मोठी वाटतात, ७ जणांच्या कंपनीत १६ वर्षांत पंधरा-वीस तरी निघतात असा माझा अनुभव आहे. कुठल्या संघाचं दरपत्रक कोडमध्ये जसंच्या तसं लिहून ठेवलंय का तेही बघा, ते तुमचं नाही.

एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही, सॉफ्टवेअर लिहिलंय कशात. १६ वर्षांपूर्वीचं आणि आपल्या भागातलं म्हणजे मला व्हीबी सिक्सचा (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) वास येतोय. तसं असेल तर ते मोटिफचंच कुलूप समजा, कोड हातात असूनही नवीन पोराकडे ते बांधायचं हत्यार नसणार आणि त्याने ते शोधत बसावं इतकी त्याला गरजही नसणार. मग ड्रायव्हरचा भाग आधी पायथनमध्ये किंवा तुमच्याकडे ज्याला जे येतं त्यात नव्याने लिहा, हजार-दोन हजार ओळींचं काम असेल, इतकं नव्याने लिहिलेलं पचतं. कशात आहे आणि साधारण किती मशीनं जोडलेली आहेत एवढं इथे टाका, म्हणजे फाइलींची मांडणी कशी ठेवायची ते सांगतो.